डॉक्टरीणबाईंवरचा दावा

द्वारकाबाई उभ्यानं जेवायच्या. दवाखान्यामागच्या खोलीत खिडकीला लागून एक उंच फळी ठोकलेली होती. तिच्यावर ताट ठेवायचं आणि रस्त्याकडे पाहत एका हातानं भाकरी मोडत जेवण उरकायचं. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, कुठे तरी जायची घाई असेल. पण घाई नसतानाही त्या तशाच जेवतात हे लक्षात आल्यावर तिनं एकदा विचारलंच, "बाई, घटकाभर बसून का जेवत नाही?"

"एकट्या माणसानं पाट मांडला का समोर भित दिसते, वो माय," बाई म्हणाल्या. "उभं राह्यलं का खिडकी दिसते."

हे त्यांनी हसत सांगितलं होतं. माझ्या बायकोनं मात्र घरी येऊन ते मला जसंच्या तसं सांगितलं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी नुकतीच वकिलीची सनद घेऊन बुलढाण्यात कचेरीच्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. शेजारी बाईंचा दवाखाना. सारं गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे. धाड गावाच्या बाजूच्या एका कुणब्याच्या घरातली ही मुलगी. लहानपणी लग्न झालं आणि सासर पाहायच्या आधीच नवरा गेला. बाप हट्टी होता. भावकीशी भांडून त्यानं तिला शाळेत घातलं, पुढे नागपूरला डॉक्टरी शिकायला धाडलं. ती शिकून आली तोवर बाप वारला होता आणि घर भावाचं झालं होतं. भावाचं वैर नव्हतं, पण घरात तिच्यासाठी जागाही उरली नव्हती. त्या घरी बाई बाळंतपणं करायला जायच्या. दिवाळीला कधी गेल्या नाहीत.

बाईंकडे एक मोटार होती. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं नवी घेतली तेव्हा त्याची जुनी, कापडी टपाची गाडी बाईंनी विकत घेतली आणि त्याच्याच डायव्हरकडून चालवायला शिकल्या. लुगड्याचा पदर कमरेला खोचून त्या गाडीपुढे उभ्या राहायच्या आणि हँडल मारायच्या. सुरुवातीला रस्त्यात लोक जमत. बाईमाणूस मोटार चालवतं हे पाहायला खेड्यातली म्हातारी माणसं पारावरून उठून येत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "पाहू द्या," त्या म्हणायच्या. "आज मोटार पाह्यतीन, उद्या मोटारीत बसून बायकोले आणतीन."

आणि खरंच आणत. अडलेल्या बायका खाटेवरून, छकड्यातून येत, नाहीतर बाईच गाडी घेऊन जात. वेदनांनी ओरडणाऱ्या बाईच्या उशाशी त्यांचं एकच बोलणं असे, "काऊन भेऊन राह्यली व? मी हाय नं." मी हे भिंतीपलीकडून कितीदा तरी ऐकलं आहे. आवाज मोठा नसे. पण त्यानंतर पलीकडचं ओरडणं थोडं उतरे. एकदा बाईंना स्वतःला मुदतीचा ताप आला. माझी बायको दिवसभर त्यांच्यापाशी होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, "तापात सारख्या कुणाला तरी सांगत होत्या, मी हाय नं, मी हाय नं. त्यांना सांगणारं मात्र कुणी नाही."

अपघात झाला तो राजूरच्या घाटात. बुलढाणा वर आणि मलकापूर खाली, मधे हा घाट. सकाळची सर्व्हिस मोटार प्रवाशांना मलकापूरच्या आगगाडीवर पोचवायला खाली उतरत होती. बाई घाटाखालच्या एका गावाहून वर येत होत्या. एका वळणावर त्यांनी आपली बाजू सोडली आणि वळण आतून कापलं. समोरून मोटार आली. तिच्या डायव्हरनं, सखाराम त्याचं नाव, बाईंची गाडी वाचवायला चाक डोंगराच्या अंगाला फिरवलं. मोटार खडकावर जाऊन आदळली. पुढचा भाग पार चेपला. प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं, पण सखारामचा पाय मोडला.

बाई गाडीतून उतरल्या. एकेका प्रवाशाला हात लावून पाहिलं. मोटारीच्या टपावरच्या सामानातली काठी काढून सखारामचा पाय त्याच्याच पागोट्यानं बांधला आणि म्हणाल्या, "भाऊ, हालू नको. मी येतो परत." आणि गाडीत बसून निघून गेल्या. प्रवाशांनी शिव्या दिल्या. पण बाई परत आल्या, औषधाची पेटी घेऊन आल्या, आणि सखारामला स्वतःच्या गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. पुढे तो बरा होईपर्यंत त्याच्या घरी जाऊन पाय पाहत राहिल्या.

पोलिसांनी खटला भरला. बाईंनी मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्याच दिवशी सांगितलं, "चूक माही हाय." दंड झाला, तो भरला. फौजदारानं जास्त काही विचारलं नाही. कबुली मिळाल्यावर कोण कशाला विचारतो? आम्हाला वाटलं, प्रकरण संपलं.

ते संपलं नव्हतं. मोटारमालक नारायणशेठ यांनी मोटारीचा विमा उतरवलेला होता. मुंबईच्या विमा कंपनीनं त्यांना मोटारीचं नुकसान भरून दिलं, आणि मग आपण दिलेला पैसा ज्याच्या चुकीनं मोटार मोडली त्याच्याकडून वसूल करायला ती निघाली. कायदाच तसा आहे. पैसे भरून दिले की मालकाचा हक्क कंपनीकडे येतो आणि कंपनी मालकाच्या नावानं दावा लावते. त्यामुळे समन्सवर वादी म्हणून नाव आलं नारायणशेठचं.

नारायणशेठच्या धाकट्या मुलाला बाईंनीच या जगात आणलं होतं. मूल आडवं होतं, आई हातची जात होती. बाईंनी दोघांनाही वाचवलं. समन्स आल्याच्या संध्याकाळी शेठ दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. आत यायचा धीर होईना. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो.

"बाई, नाव माझं आहे, पण दावा माझा नाही," ते म्हणाले. "मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणतात, तुम्ही पैसे घेतले, आता तुम्हाला बोलायचा अधिकार नाही."

"बरोबर म्हणतात ते," बाई म्हणाल्या. "मोटार तुमची मोडली, मोडली मी. तुमच्या जागी कंपनी उभी राह्यली, एवढंच. पोरगं कसं हाय? दूध पचते का?"

शेठ पायरीवरच बसले आणि डोळे पुसू लागले. मग म्हणाले, "पचतं."

गावातले जुने वकील कंपनीविरुद्ध उभं राहायला फारसे उत्सुक नव्हते. कंपनीनं अकोल्याहून एक नाणावलेले वकील आणले होते. बाई माझ्याकडे आल्या. मी कागद वाचले आणि आधी मला जो बचाव सुचला तो सांगितला. तेव्हाच्या कायद्यानं दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा दिसला तर दावा बहुधा टिकत नसे. सखाराम आगगाडी गाठायच्या घाईत होता. वळणावर त्यानं हॉर्न वाजवला नसेल.

"वाजवला," बाई म्हणाल्या. "मी ऐकला."

"पण बाई, तुम्ही ऐकला हे त्यांना ठाऊक नाही."

"मले ठाऊक हाय नं."

मी विचारलं, मग ऐकूनही वळण का कापलं?  बाई उठल्या, माझ्या ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "वकिलाले सांगतलं म्हंजे विहिरीत टाकलं, असंच नं?"

"असंच."

तेव्हा त्यांनी सांगितलं. घाटाखालच्या त्या गावात एक मोठं घर होतं. घरधनी नावाजलेला माणूस. लोक त्याच्याकडे न्यायनिवाड्यासाठी जात. त्याची मुलगी लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली होती. तिला दिवस गेले. घरातल्यांनी एका म्हाताऱ्या सुइणीकडून तिला काहीतरी जहाल औषध देववलं. रक्त थांबेना. मुलगी पांढरी पडली तेव्हा बापानं बाईंना बोलावणं पाठवलं. बाईंनी पाहिलं, तिथे तिला वाचवणं शक्य नव्हतं. सामान सगळं बुलढाण्याला दवाखान्यात. त्यांनी तिला मागच्या आसनावर चादरीत गुंडाळून घातलं आणि निघाल्या. घरातलं कुणीही सोबत आलं नाही. बाहेर दिसलो तर लोक विचारतील, म्हणून कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

"जुनी गाडी. चढावर एकदा थांबली का लवकर चालू होत नाही," बाई म्हणाल्या. "बाजू धरून वळण घेतलं असतं तर वेग तुटला असता. हॉर्न आला, तरी वाटलं, निघून जाऊ. मागं पोरगी कण्हायचीही थांबली होती, वकीलसाहेब. मी वळण कापलं."

"आणि मोटार आदळल्यावर तुम्ही उतरलात?"

"उतरणं लागलंच. चुकी माही होती. पण सखारामचा पाय बांधताना माहा सारा जीव मागच्या सीटवर होता."

ती मुलगी वाचली. बाईंनी तिला आपल्या खोलीत ठेवलं. भिंतीपलीकडे कुणी आहे याची मलाही कल्पना आली नाही. बरी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी, गर्दीत, तिला झाकलेल्या बैलांच्या दमणीतून घरी पोचतं केलं.

त्या घराचं नाव मी इथेही लिहिणार नाही. एवढं खरं की ते नाव कोर्टात आलं असतं तर नुसती बदनामी झाली नसती. गर्भ पाडणं हा गुन्हा होता. सुईण, घरची माणसं आणि ती मुलगी, सगळ्यांच्या हातात बेड्या पडल्या असत्या. हे मला कायद्यानं कळत होतं. बाईंना ते त्या मुलीच्या तोंडाकडे पाहून कळलेलं होतं.

मी म्हणालो, "मग निदान एवढं तरी लिहू, की गाडीत अत्यवस्थ रुग्ण होता आणि जीव वाचवण्यासाठी घाई करावी लागली."

"तेवढं लिहा. ते खरं हाय. नाव नका लिहू."

आमच्या बाजूनं कोर्टात द्यायच्या कैफियतीत तेवढंच लिहिलं.

दाव्याची सुनावणी लागली त्या दिवशी सबजज्जांच्या कोर्टात माणसं मावत नव्हती. मोटार चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पिंजऱ्यात पाहायला लोक तालुक्याच्या गावांहून आले होते. शेवटच्या बाकावर त्या मुलीचा बाप येऊन बसला होता. रेशमी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्याला पाहून लोकांनी सरकून जागा दिली. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनीही त्याला पाहिलं होतं. त्यांनी नजर फिरवली आणि पुन्हा त्या बाजूला पाहिलं नाही.

आधी सखाराम आला, कुबडी घेऊन. तो कंपनीचा साक्षीदार. त्यानं सगळं खरं सांगितलं. हॉर्न वाजवला, बाईंची गाडी चुकीच्या बाजूनं आली. मग अकोल्याच्या वकिलांनी विचारलं, "गाडीत मागे कुणी होतं?"

"होतं. चादर होती."

"बाई होती की पुरुष?"

सखारामनं क्षणभर बाईंकडे पाहिलं. "साहेब," तो म्हणाला, "माह्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. मी माहा पाय पाहून राह्यलो होतो."

लोक हसले. वकील चिडले. त्यानं खरंच काही पाहिलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

मग बाई उभ्या राहिल्या. सावकाश, अंगात नसलेली सौम्यता आणून वकिलांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, आपण म्हणता गाडीत रुग्ण होता. रुग्णाचं नाव?"

"सांगणार नाही."

"गाव?"

"सांगणार नाही."

"रुग्ण पुरुष होता की बाई?"

"पेशंट होता."

मागे कुणीतरी खिदळलं. वकील थांबले आणि लोकांना पुरेसं हसू दिलं. "म्हणजे सकाळच्या वेळी एक विधवा बाई एकटी मोटार चालवत होती, मागे चादरीखाली कुणीतरी झोपलं होतं, आणि ते कोण हे सांगायची तिची तयारी नाही. असंच समजायचं ना?"

मी हरकत घेतली. जज्जसाहेबांनी ती उचलून धरली, पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. सारं कोर्ट हसत होतं. शेवटच्या बाकावरचा तो बाप हसला नाही. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून खाली पाहत राहिला. तो उठूनही गेला नाही, बोललाही नाही.

जज्जसाहेब चांगले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, तुमचा बचाव या रुग्णावरच उभा आहे. नाव सांगितल्याशिवाय मी त्यावर विश्वास कसा ठेवू? पाहिजे तर चिठ्ठीवर लिहून द्या, फक्त मी वाचीन."

मला वाटलं, ही चांगली वाट आहे. पण बाईंनी मान हलवली. "साहेब, तुम्ही वाचाल. मंग तुमच्यावर कायदा येईन. तुम्हाले गप राहता येणार नाही. मले येते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि नाव कळलं तरी वळण मीच कापलं होतं नं?"

निकाल आमच्या विरुद्ध लागला. निकालात एक वाक्य होतं: वाहनात कुणी रुग्ण होता हे सिद्ध झालेलं नाही. मी बाईंना ते वाचून दाखवलं.

"म्हंजे ती गाडीत नव्हतीच?"

"कायद्याच्या दृष्टीनं नव्हतीच."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मंग आता कोणी तिले शोधणारही नाही."

कोर्टाच्या हुकूमनाम्यातली रक्कम भरायला बाईंनी मोटार विकली. ते पैसे अपुरे पडले, तेव्हा बापानं त्यांच्या नावानं ठेवलेला शेताचा लहानसा तुकडाही दिला. त्याच सुमारास त्या मुलीचा बाप माझ्याकडे आला. मागच्या दारानं. म्हणाला, "सगळी भरपाई मी करतो. कुणाला कळायचं कारण नाही."

मी निरोप बाईंना दिला. मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. नीट विचार करून म्हणाल्या, "नको. त्यानं पैसे दिले का तो मोकळा होईन. त्याले मोकळं नाही करायचं. वझं राहू द्या त्याच्या डोक्यावर. तोवर तो पोरीले नीट वागवन."

मला हे जेवढं धूर्त वाटलं तेवढंच दयाळूही वाटलं.

वरच्या कोर्टात अपील करायची मुदत अजून होती. एके दुपारी माझ्या घरी एक मुलगी आली, सोबत एक म्हातारी मोलकरीण. कपाळ मोकळं, साधं पांढरं लुगडं. तिनं आपण कोण ते सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती. म्हणाली, "वकीलसाहेब, मी साक्ष देते. बाईंना लोक काय बोलतात ते आमच्या विहिरीवरही ऐकू येतं."

मी तिला बाईंकडे घेऊन गेलो. तिला पाहताच बाई उठल्या, तिच्याजवळ गेल्या, आणि काही न बोलता तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग पाहिला. मग दुसरी. "रगत भरून राह्यलं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "जेवत जाजो नीट. पालेभाजी खात जाजो."

"बाई, मी कोर्टात सांगते. गाडीत मी होते."

"कायले?"

"माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं."

"आणि तू सांगशीन मंग काय होईन? लोक दोन दिवस म्हणतीन, पोरगी मोठी धीराची. तिसऱ्या दिवशी पोलीस येईन. त्या बुढ्या सुइणीले नेईन, तुले नेईन. तुह्या नावानं जो तो थुंकन. मी वळण काऊन कापलं होतं? तू जगावं म्हणून." बाईंचा आवाज चढला होता. मी त्यांना कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "मंग जग नं, बाप्पा! माही मोटार गेली, वावर गेलं, ते फुकट घालवाले आली का?"

मुलगी रडू लागली. बाईंनी तिला रडू दिलं. मग तिचा पदर सारखा केला, मोलकरणीला म्हणाल्या, "ऊन उतरल्यावर न्या हिले," आणि चहा टाकायला आत गेल्या.

ती गेल्यावर बाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. रस्ता रिकामा झाला तरी आत येईनात. मी जायला निघालो तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मी तिच्यावर वरडली ते मुद्दाम. तिनं एकदा मले माय म्हटलं असतं, तर माह्याच्यानं तिले परत धाडणं झालं नसतं."

अपील केलं नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. ती जगली, चांगली जगली, एवढं पुरे.

लोकांचं बाईंकडे येणं मात्र कमी झालं. चांगल्या घरांतून बोलावणं येईना. ज्या बायकांची बाळंतपणं बाईंनी केली होती, त्याही रस्त्यात दिसल्या की दुकानाकडे वळत. अडल्यावेळी कुणी आलं तर मागच्या दारानं, तोंड झाकून. बाई कुणाला परत पाठवत नसत. कधी कुणाला टोमणाही मारला नाही. पण दवाखान्यापुढच्या बाकावर दिवसचे दिवस कुणी नसे आणि भिंतीपलीकडून आवाज येईनासा झाला. माझी बायको मधूनमधून वाटीत काही घेऊन जाई. बाई वाटी घेत, तिला बसवून घेत आणि बोलत राहत. औषधांबद्दल, पावसाबद्दल, नागपूरच्या शिक्षणाच्या दिवसांबद्दल. निघताना म्हणत, "जातेस का? बरं. जाजो." पण पुन्हा काहीतरी विचारत.

खेड्यांत जायचं झालं तर आता त्या सर्व्हिस मोटारीनं जायच्या. सखाराम बरा होऊन पुन्हा मोटार चालवू लागला होता. जरा लंगडत चाले. त्याच्या शेजारची पुढची जागा तो बाईंसाठी राखून ठेवी. एकदा एका सावकारानं तिथं बसायचा हट्ट धरला. सखाराम म्हणाला, "ते सीट डॉक्टरीणबाईचं हाय. तुम्ही मागं बसा, नाईतर पाई या." त्या मोटारीत त्यांना मान देणारा तो एकच माणूस होता, आणि बाईंनी पाय मोडला होता तोही त्याचाच. 

अखेर बाईंनी बुलढाणा सोडलं. लोणारच्या बाजूला, सुलतानपूरच्या आसपासच्या एका खेड्यात सरकारी मदतीवर चालणारा एक लहान दवाखाना होता. तिथं जायला कुठलाही डॉक्टर तयार नव्हता. बाई गेल्या. निरोप द्यायला मोटारीपाशी आम्ही नवराबायको आणि नारायणशेठ एवढेच होतो. शेठनी मुलाला आणलं होतं. तो आता पळू लागला होता. त्यानं बाईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि लगेच मोटारीचा भोंगा वाजवायला धावला. बाई हसल्या. माझ्या बायकोला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमची विहीर खोल हाय. बुजू देऊ नका."

त्यानंतर त्यांची माझी भेट एकदाच झाली. मेहकरला एका कामासाठी गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. केस पांढरे झाले होते. पाय सुजलेले, तरी गावागावांत चालत जात. मी म्हणालो, "इथं सोबतीला कुणी?" त्या म्हणाल्या, "सारं गाव हाय." मग माझ्याकडे पाहून, मी पुढे काही विचारलं नसताना, हळूच म्हणाल्या, "संध्याकाळ तेवढी मोठी असते."

त्या गेल्याची बातमी सखारामनं आणली. त्या बाजूच्या मोटारीच्या डायव्हरनं त्याला सांगितली होती. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. गावात पटकीची साथ होती. बाई लोकांचं करता करता स्वतः पडल्या. गावकऱ्यांनीच त्यांना नेलं, गावकऱ्यांनीच अग्नी दिला. भावाला निरोप गेला होता, पण तो आला नव्हता.

दवाखान्याला कुलूप होतं. ओट्यावर एक म्हातारी बाई गोधडी अंगावर घेऊन बसली होती. साथीतून नुकतीच उठलेली असावी, आवाज खोल गेला होता. मला पाहून तिनं ओळखीचं कुणी असेल म्हणून विचारलं, "तुम्ही बाईचे कोण हो? भाऊ का?"

"नाही," मी म्हणालो. "मी त्यांचा वकील."

तिनं मला पाण्याचा लोटा दिला. मी पीत असताना ती माझ्या काळ्या कोटाकडे आणि वहाणांवर बसलेल्या धुळीकडे पाहत होती. तिला ते काही जुळेना.

"वकील?" ती म्हणाली. "पण त्या बाईले वकील कायले लागला होता, वो?"

मी लोटा खाली ठेवला.

"असंच," मी म्हणालो. "एका लहानशा कामाला."